व्रत, जोखड आणि कृपा : पंडिता रमाबाईंची आध्यात्मिक वाटचाल

भोपाळहून दक्षिणेकडे जाणारी गाडी बुधनीचा घाट उतरली की नर्मदेचा पूल लागतो आणि पैलतीरी होशंगाबाद येते. आज त्या नगराचे नाव नर्मदापुरम असे आहे. भोपाळात स्थायिक झालेली आम्ही मराठी मंडळी पर्वकाळी त्या घाटावर स्नानाला जातो. पाण्यात उभे राहून अर्घ्य देताना मनात भक्ती असते हे खरे. पण तिच्या शेजारीच एक हिशेबही चालू असतो. इतके उपवास घडले, इतकी प्रदक्षिणा झाली, इतके दान दिले. तेव्हा इतके पुण्य पदरी पडले. हा हिशेब आणि ती भक्ती या दोन गोष्टी एकच की निराळ्या, हा प्रश्न आमच्यापैकी बहुतेकांना आयुष्यात एकदा तरी पडतो. हिशेब पुरा करूनही देव पावला नाही असे ज्या दिवशी वाटते, त्या दिवशी तो विशेष तीव्रतेने पडतो.

नर्मदेपलीकडचा हा मुलूख इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात मोडत असे. १८९६-९७ च्या दुष्काळाने त्या प्रांताची दैना केली. त्या वेळी पुण्याहून एक मराठी विदुषी तेथे आली आणि अनाथ मुली व तरुण विधवा यांना आपल्याबरोबर घेऊन गेली. तिने उपासमार दुरून पाहिलेली नव्हती, स्वतः सोसलेली होती. त्या पंडिता रमाबाई होत. त्यांच्या धर्मांतराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु धर्मांतरानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या अंतःकरणात जो दुसरा पालट झाला, त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. आमच्या मते वर सांगितलेल्या प्रश्नाचे मर्म त्या दुसऱ्या पालटातच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे दक्षिण कानडा प्रदेशातले, म्हणजे आमच्या कोंकणी वाचकांच्या शेजारचेच. शास्त्रीबोवांनी लोकरीतीविरुद्ध जाऊन आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना दिले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते निघालेच. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, उरेल त्यातून दानधर्म करावा, असा त्यांचा क्रम होता. व्रत चुकले नाही, स्नान चुकले नाही, पारायण चुकले नाही.

मग दक्षिणेतला दुष्काळ आला. संकट टळावे म्हणून शास्त्रीबोवांनी अनुष्ठाने वाढविली. दागिने, वस्त्रे, चांदीची भांडी, अखेर स्वयंपाकाची तांब्यापितळेची भांडीही विकून तो पैसा ब्राह्मणांना दान केला. हाती काही उरले नाही तेव्हा तिरुपतीच्या परिसरातील रानात झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढले. १८७४ साली वडील गेले. त्यांच्यामागून थोड्याच अवधीत आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेवर प्रसन्न होऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण त्याच काळात स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या आणि त्यांच्या मनाला मोठा धक्का बसला. बाकी सर्व बाबतींत परस्परांशी वाद घालणारे ग्रंथ, स्त्रीला मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही एवढ्याविषयी मात्र एकमत असल्याचे त्यांना दिसले. ज्या नियमांच्या पालनात आईवडिलांनी देह ठेवला, त्या नियमांनी मुलीसाठी दारच ठेवलेले नव्हते.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. १८८२ साली पटकीने तेही गेले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. मंदिराच्या सावलीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही घटना सुखाची वाटत नाही, आणि ती सुखाची आहे असा आव आम्ही आणणार नाही. परंतु जे सत्य आहे ते पुढेच घडले.

रमाबाईंच्या गुरुभगिनी जेराल्डिन यांची अपेक्षा अशी होती की, नव्या शिष्येने इंग्लंडच्या चर्चची शिकवण आणि धर्मगुरूंचा अधिकार निमूटपणे मान्य करावा. रमाबाईंनी ते केले नाही. त्या मांस-अंडी खात नसत, आणि तो नेम त्यांनी सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, आमची प्राचीन संस्कृत भाषा त्याहून कोणत्या बाबतीत उणी आहे, असे त्यांनी विचारले. बायबलात जे स्पष्ट दिसेल ते मानीन, धर्माधिकाऱ्यांच्या मुखातला प्रत्येक शब्द मानणार नाही, असे त्यांनी पत्रांतून कळविले. १८८५ मधल्या त्या पत्रव्यवहारात त्यांचा आशय असा होता की, भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने नुकतेच उतरविले आहे, तेव्हा तसलेच दुसरे आता मानेवर घेणार नाही.

‘जोखड’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. ख्रिस्ती परंपरेत त्याला मोठा इतिहास आहे. पहिल्या शतकात पौल नावाच्या प्रचारकाने गलतीकरांना जे पत्र लिहिले, त्याचा विषयच हा. यहुदी नसलेली माणसे ख्रिस्ताच्या मागे येऊ लागली, तेव्हा काही जण म्हणू लागले की, यांनी सुंता केली पाहिजे, यहुदी धर्मशास्त्रातले विधिनिषेध पाळले पाहिजेत. त्याशिवाय देव यांना आपले म्हणणार नाही. पौल स्वतः त्या शास्त्रात मुरलेला परूशी पंथाचा मनुष्य. तरी त्याने ठामपणे उलट मत मांडले. देव माणसाला स्वीकारतो तो त्याच्या कर्मांची बेरीज पाहून नव्हे, तर आपल्या कृपेने; माणसाने करावयाचे ते एवढेच की त्या कृपेवर विश्वास ठेवावा. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथरने हाच धागा पुन्हा हाती धरला. तोही आधी कडक नेमाने राहणारा मठवासी होता, आणि कितीही नेम केले तरी मनाला शांती नाही, या अनुभवातून तेथे पोहोचला होता.

हा वाद आपल्या वाचकांना परका वाटू नये. श्रीवैष्णव संप्रदायात तेराव्या-चौदाव्या शतकांत याच प्रश्नावर दोन मते पडली आणि त्यांतून वडकलै व तेन्कलै हे दोन पंथ निघाले. वानराचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते, तेव्हा आई त्याला नेते, हा मर्कटन्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही; आई त्याला तोंडात धरून उचलते, हा मार्जारन्याय. पहिल्यात जिवाच्या प्रयत्नाला स्थान आहे, दुसऱ्यात सारा भार कृपेवर आहे. आमच्या वारकरी संतांनीही कोरड्या कर्मकांडापेक्षा शरणागतीची थोरवी सांगितली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. रमाबाईंच्या घरी मात्र धर्म आला तो पौराणिकाच्या पोथीतून, फलश्रुतीसह. तो पूल त्यांच्या वाटेवर लागलाच नाही.

१८८६ ते १८८८ अमेरिकेत राहून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. लौकिक यश मिळत होते, बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली होती. तरी मन अस्वस्थ होते. त्या सुमारास त्यांच्या हाती ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ हे विल्यम हॅस्लम यांचे आत्मवृत्त आले. हॅस्लम हे इंग्लंडच्या चर्चचे धर्मगुरू. वर्षानुवर्षे उपासना चालवून, देऊळ बांधून, लोकांना धर्म सांगून झाल्यावर त्यांना उमगले की आपल्याजवळ सारे काही आहे, फक्त देवावरचा भरवसा नाही. रमाबाई वाचता वाचता थांबल्या. ही तर आपलीच कथा. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे : मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

या वाक्यातला प्रामाणिकपणा विरळा आहे. जिने धर्मांतरासाठी स्वकीयांचा रोष पत्करला, तीच म्हणते की ते धर्मांतरही शेवटी एक कर्मच होते; एका नियमावलीतून दुसरीत जाणे होते. धर्म बदलून हिशेबाची वही बदलते, हिशेब सुटत नाही. तो सुटतो तेव्हा, जेव्हा मनुष्य आपली सर्व बाकी देवाच्या पायांशी ठेवतो. आपण ती कोणत्या नावाने ठेवतो याविषयी आमचे आणि रमाबाईंचे मत वेगळे आहे, आणि ते वेगळेच राहील. पण ठेवण्याची क्रिया आम्हांस ओळखीची आहे.

या नव्या आनंदाचा व्यवहारात त्रासही झाला, तो लपविणे योग्य नव्हे. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असा शब्द होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. पुण्यात वाद पेटला, ‘केसरी’ने कठोर टीका केली, १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. विश्वासाने मुली सोपविणाऱ्यांची तक्रार निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही.

तथापि कृपेवर भार टाकला की मनुष्य आळशी होतो, हा मार्जारन्यायावरचा जुना आक्षेप रमाबाईंच्या बाबतीत टिकत नाही. मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत उतरविले, आणि संस्कृतच्या पंडिता असूनही भाषा मुद्दाम साधी, खेड्यातल्या बाईला कळेल अशी योजिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. पुण्य जोडण्यासाठी जे कर्म होते, ते आता कृतज्ञतेने होऊ लागले होते. कर्म सुटले नव्हते. फळाची मागणी सुटली होती. गीता वाचणाऱ्यांना हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही.

आता एकच गोष्ट सांगावयाची राहिली. अनंतशास्त्री मरणोन्मुख असताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले. द्यावयास काही उरले नव्हते. दानाला भांडेसुद्धा नव्हते. तेव्हा त्यांनी तिला इतकेच सांगितले की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी हे बोलणे तेहतीस वर्षे जपून ठेवून आपल्या आत्मनिवेदनात नोंदविले आहे. जन्मभर व्रते करणाऱ्या त्या वृद्ध ब्राह्मणाने अखेरच्या क्षणी व्रतांचा हिशेब मांडला नाही. त्याने मूल देवाच्या हाती दिले आणि डोळे मिटले. लेकीला जे समजावयास सतरा वर्षे आणि दोन धर्म लागले, ते पित्याने जाता जाता केले होते. पुढच्या पर्वणीला नर्मदेच्या पाण्यात उभे राहताना आम्हांस त्यांची आठवण होईल.