वऱ्हाडातील स्मृतिपदकांची ओळख : राजापेठेच्या संदर्भात

प्रस्तावना
अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेरा मार्गावरील राजापेठेसारख्या वस्तीत पायाचे खोदकाम होताना अथवा धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने एखादे जुने पदक हाती येऊ शकते. त्यावरील सन वाचला म्हणजे त्याची ओळख पूर्ण झाली, असे मात्र नव्हे. असे पदक वऱ्हाडच्या इतिहासात कशाचा पुरावा ठरते आणि कशाचा ठरत नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ओळखीचे निकष
पदकावर नाण्याप्रमाणे मूल्य अंकित नसते. फितीसाठी कडी असते किंवा ती तुटल्याची खूण राहते. 1877 च्या दिल्ली दरबाराचे पदक सुमारे 58 मिलिमीटर व्यासाचे असून त्यावर व्हिक्टोरिया राणीची प्रतिमा व मागे सम्राज्ञीपदाचा तीन लिप्यांतील लेख आहे. 1903 च्या पदकावर सातव्या एडवर्डची, तर 1911 च्या पदकावर पाचव्या जॉर्ज व राणी मेरी यांची जोडप्रतिमा असून दोहोंच्या मागे फारसी लेख आहे. याउलट, रामदरबाराचे चित्र व ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली ‘1818’ सनाची तांब्याची टिकली कंपनीचे नाणेही नव्हे आणि स्मृतिपदकही नव्हे. ती उत्तरकालीन आहे.

वऱ्हाडचा संदर्भ
1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला, तथापि सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. 5 नोव्हेंबर 1902 च्या करारान्वये वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने मिळाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 1 जानेवारी 1903 रोजी, कर्झनचा दिल्ली दरबार भरला. निजामास मिळालेल्या ‘जी.सी.बी.’ या किताबाचा ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा उपरोधिक विस्तार तेव्हा रूढ झाला. म्हणून 1903 चे पदक वऱ्हाडात सापडल्यास ते केवळ राज्यारोहणाचे स्मारक राहत नाही. प्रांताच्या हस्तांतरणाचा काळही ते सूचित करते. मात्र त्यावरून नगराच्या राजनिष्ठेचा निष्कर्ष काढता येत नाही. डिसेंबर 1897 मध्ये याच अमरावतीत शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले होते.

स्थळनोंदीचे महत्त्व
1903 व 1911 ची दरबार पदके धारकाचे नाव न कोरताच दिली गेली. त्यामुळे पदक कोणाचे, हे पदक स्वतः सांगत नाही. सापडल्याची जागा, खोली व सोबतच्या वस्तू हाच मुख्य आधार उरतो. यंत्र धातू दाखविते, मातीचा थर दाखवीत नाही. घाईने उकरून काढलेल्या वस्तूचा संदर्भ कायमचा नष्ट होतो. 1878 च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे.

निष्कर्ष
पदकावरील लेख राजसत्तेचा दावा सांगतो. त्या दाव्याचे स्थानिक जीवनातील स्थान मात्र सापडल्याच्या नोंदीतूनच उलगडते. म्हणून वऱ्हाडातील महाविद्यालयीन इतिहास विभागांनी अशा वस्तूंच्या संग्रहापेक्षा त्यांच्या स्थळनोंदीस अग्रक्रम देणे इष्ट ठरेल.