पेवातला निराशावाद

मंडळी, निराश होणं वेगळं आणि निराशावाद वेगळा. आपल्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारीची पेवं असत. एखाद्या वर्षी पाऊस दगा देणारच, हे धरूनच ती भरायची. (वर्गात इतकी वर्षं शोपेनहावर शिकवला, पण हा दाखला काही सुचला नाही!) 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीत कापसाचा भाव चढला, मागोमाग रेल्वे आली, आणि कपाशीखालचं रान वाढत गेलं. पैसा असला की धान्य मिळेलच, हा झाला आशावाद. 1899 ला पाऊस गेला, ज्वारी कडाडली. मजुराजवळ ना काम, ना पेव. आज अकोटकडे कपाशीत तुरीची ओळ धरणारा शेतकरी पेरतानाच विचारतो, 'कापूस बुडाला तं?'