उलवे (नवी मुंबई)

उलवे हे महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील एक मूळ गाव व त्याच्या नावाने विकसित झालेला नवी मुंबईचा नियोजित उपनगरीय विभाग (नोड) आहे. पनवेल खाडीच्या दक्षिणेस, सीबीडी बेलापूरच्या समोरच्या तीरावर हा परिसर वसला आहे. मूळ उलवे गावाची जमीन नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या क्षेत्रात गेली असून गावाचे पुनर्वसन झाले आहे. त्यामुळे आज 'उलवे' या नावाने प्रामुख्याने नवा नोडच ओळखला जातो.

स्थान व परिसर

उलवे नोडची उभारणी एकाच गावाच्या जमिनीवर झालेली नाही. वहाळ, गव्हाण, तरघर, कोंबडभुजे, मोरावे, बामणडोंगरी, खारकोपर आदी गावे व पाडे या परिसरात येतात. आगरी, कोळी आणि कराडी हे येथील मूळ समाज होत. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी ही त्यांच्या उपजीविकेची पारंपरिक साधने होती. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालून राखलेली खारजमीन हे येथील शेतीचे वैशिष्ट्य होते. बांध फुटला तर सर्वांचीच शेते बुडत. म्हणून त्याची राखण हे सबंध गावाचे काम मानले जाई. परिसरातील डोंगरांवर दगडखाणीही होत्या.

भूसंपादन आणि आंदोलन

शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ अर्थात सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी निश्चित करण्यात आल्या. मिळणाऱ्या मोबदल्याविरुद्ध शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. दर वर्षी जानेवारीत परिसरात त्यांना अभिवादन केले जाते.

या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आकारास आली. तिचे प्रमुख शासन निर्णय १९९० व १९९४ या वर्षांतील आहेत. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदारास परत देणे, असे योजनेचे स्वरूप आहे. मात्र त्यातील ३० टक्के भाग सामाजिक सुविधांसाठी वजा होतो. त्यामुळे शंभर गुंठे जमीन गेलेल्या कुटुंबाच्या हाती प्रत्यक्षात पावणेनऊ गुंठ्यांचा भूखंड येतो. उलव्यातील अनेक इमारती अशाच भूखंडांवर, खातेदार, विकासक आणि सिडको यांच्यातील त्रिपक्षीय करारांद्वारे उभ्या राहिल्या आहेत.

विमानतळ व गावाचे स्थलांतर

विमानतळ प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,१६० हेक्टर आहे. त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि वरचे ओवळे या दहा वसाहती स्थलांतरित करण्यात आल्या. पुनर्वसनासाठी वडघर, वहाळ व कुंडेवहाळ येथील जागा ठरविण्यात आल्या. या प्रकल्पासाठी २०१४ मध्ये साडेबावीस टक्के विकसित भूखंडांची स्वतंत्र योजना जाहीर झाली.

सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. भरावाच्या कामानंतर डुंगी, पारगाव या लगतच्या गावांत पावसाळ्यात पाणी शिरत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ रोजी, तर उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, ही भूमिपुत्रांची आग्रही मागणी आहे. २०२१ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा प्रस्ताव पुढे आल्यानंतर १० जून रोजी मानवी साखळी आणि पाटील यांच्या स्मृतिदिनी, २४ जून रोजी, सिडको कार्यालयास घेराव आंदोलन झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने पाटील यांच्या नावाचा ठराव संमत केला.

स्थानिक कारभार

उलवे हा बहुमजली इमारतींचा नागरी विभाग असला, तरी तो नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत येत नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तिच्याही हद्दीत या परिसराचा समावेश झाला नाही. नियोजन, बांधकाम परवानगी आणि रस्ते, पाणी यांसारख्या पायाभूत सुविधा सिडकोकडे, तर स्थानिक स्वराज्य वहाळ, गव्हाण आदी ग्रामपंचायतींकडे, अशी दुहेरी रचना येथे निर्माण झाली. पाणीपुरवठा मुख्यतः पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून होतो.

कायद्याने ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल, ती गणपूर्ती होय. मतदारयादीत नाव असलेला इमारतीतील नवा रहिवासी आणि मूळ ग्रामस्थ यांना ग्रामसभेत समान अधिकार असतो. मात्र रस्ता किंवा जलवाहिनी यांबाबतच्या ठरावाची अंमलबजावणी बहुतांशी सिडकोवर अवलंबून राहते. सिडकोचे सेवाशुल्क व ग्रामपंचायतीची घरपट्टी अशा दोन्ही आकारण्या येथे लागू होतात.

वाढत्या कुटुंबांसाठी ग्रामस्थांनी गावठाणालगत बांधलेली घरे 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणून ओळखली जातात. ती नियमित करण्यासाठी शासनाने वेळोवेळी निर्णय काढले. परंतु गावठाणाच्या हद्दीपासूनचे अंतर व जमिनीची मालकी हे वादाचे मुद्दे ठरले आहेत.

दळणवळण

नेरूळ/बेलापूर–खारकोपर रेल्वेमार्ग ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी तो उरणपर्यंत वाढविण्यात आला. उलव्यासाठी बामणडोंगरी व खारकोपर ही स्थानके प्रमुख आहेत. स्थानकांच्या नावांतून जुन्या वस्त्यांची ओळख टिकून राहिली आहे. शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजीच खुला झाला. त्याचा शिवाजीनगर येथील आंतरबदल मार्ग उलव्याजवळ आहे.

संस्था व धार्मिक स्थळे

सिडकोने उभारलेले भूमिपुत्र भवन हे येथील सार्वजनिक सभागृह आहे. तिरुमला तिरुपती देवस्थानच्या बालाजी मंदिराचे भूमिपूजन जून २०२३ मध्ये उलवे येथे झाले.