भिंत उभी राहिली, मग माणसं कुठं गेली? : अमेरिका-मेक्सिको सीमेची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. त्यांनी लिहिलं होतं, ‘सर, एवढा काथ्याकूट कशाला? आपण घराला कुंपण घालतो, रात्री दाराला कडी लावतो. देशानं तेच केलं तर बिघडलं काय? भिंत बांधा, प्रश्न मिटेल.’ चिठ्ठी आम्हाला आवडली, कारण प्रश्न सरळ आहे. आमचा विषय तत्त्वज्ञान. समोर उपमा आली की ती वाजवून बघायची जुनी खोड आहे. तेव्हा आज घर आणि कुंपण ही उपमा कितपत टिकते ते बघू. पण हवेत नको. जिथं हा प्रयोग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर आणि सगळ्यात जास्त पैसा ओतून झाला, त्या अमेरिका-मेक्सिको सीमेवर बघू.

ही सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटरची. प्रशांत महासागरापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत. पण ती काही अनादिकाळापासून तिथं नव्हती. १८४६ ते १८४८ या काळात दोन देशांत युद्ध झालं, मेक्सिको हरला, आणि ग्वादालुपे इदाल्गोच्या तहानं कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला. १८५३ मध्ये आणखी एक पट्टा विकत घेतला गेला. टेक्सास आधीच गेलं होतं. म्हणजे जवळपास निम्मा देश गेला. तिथले मेक्सिकन लोक जागचे हललेही नाहीत, सीमाच त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सान्ता फे ही नावं स्पॅनिश का, याचं उत्तर इथं आहे.

आता गंमत बघा. या सीमेवर केंद्र सरकारनं पहिलं कुंपण घातलं ते १९०९ ते १९११ च्या सुमारास, आणि ते माणसांसाठी नव्हतंच. ते गुरांसाठी होतं! मेक्सिकोकडून येणाऱ्या गुरांच्या अंगावर गोचीड असायची, त्यातून रोग पसरायचा, म्हणून पशुसंवर्धन खात्यानं तारा ठोकल्या. माणसं तेव्हा येत-जात होती, कुणी फारसं विचारत नव्हतं. विचारणा होत होती ती चिनी माणसांची. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना बंदी झाली होती, त्यामुळे ते मेक्सिकोमार्गे चोरून यायला लागले. त्यांना पकडायला घोडेस्वार नेमले गेले. या सीमेवरचे पहिले ‘बेकायदा स्थलांतरित’ चिनी होते, मेक्सिकन नव्हेत. आणि बंदी आली म्हणून चोरवाट आली, हा क्रम ध्यानात ठेवा. सीमा-गस्त दल स्थापन झालं ते १९२४ साली.

यापुढचा भाग नीट ऐका, कारण सगळ्या प्रश्नाची गाठ इथंच आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, अमेरिकेची तरणी पोरं सैन्यात गेली, शेतात राबायला माणूस उरला नाही. तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोशी करार केला. त्याला ‘ब्रासेरो’ योजना म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे हातावर पोट असलेला माणूस असंच समजा. मजूर हंगामाला यायचे, भाजी-फळं खुडायचे, कापूस वेचायचे आणि पैसे गाठीला बांधून गावी परतायचे. आपल्याकडे बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि हंगाम संपला की परततात, तसंच. २२ वर्षांत या योजनेखाली सुमारे ४६ लाख करार झाले. योजनेत लबाडी होती, पिळवणूक होती, पण ये-जा कायदेशीर होती.

१९६४ मध्ये योजना बंद झाली. १९६५ च्या नव्या कायद्यानं पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली. १९७६ मध्ये ती आवळून दर देशाला वर्षाला २० हजार अशी केली. आता विचार करा. मजूर तोच, गाव तेच, पलीकडचा शेतमालक तोच, टोमॅटोही तेच. कालपर्यंत ‘कामगार’ होता तो आज ‘घुसखोर’ झाला. माणसात काहीच बदललं नाही, फक्त कागद बदलला. ‘बेकायदा’ हे विशेषण माणसाचं नसून कायद्याचं आहे, असं आम्ही वर्गात सांगायचो तेव्हा पोरं जांभया द्यायची. इथं बघा, ते कसं हाडामांसाचं होतं.

आणि शेतमालकाचं काय? १९५२ च्या कायद्यात एक पोटकलम होतं. बेकायदा आलेल्याला आसरा देणं हा गुन्हा, पण त्याला कामावर ठेवणं हा गुन्हा नाही! टेक्सासच्या शेतमालकांची सोय होती ती. १९८६ पर्यंत हे असंच चाललं. त्या वर्षी कामावर ठेवणंही गुन्हा ठरलं, सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं मिळाली, पण मालकांवरची कारवाई लुटुपुटूचीच राहिली. तेव्हा आमच्या चिठ्ठीवाल्या मित्राला आम्ही एवढंच विचारू: ज्या घरात पुढच्या दाराला कुलूप असतं आणि मागच्या दारानं मालकच हाका मारून गडी बोलावत असतो, त्या घराला कुंपण किती उपयोगी पडणार?

बरं, आता भिंतीकडे येऊ. १९९० च्या सुमारास सॅन डिएगोला पोलादी कुंपण घालायला घेतलं. त्यासाठी व्हिएतनाम युद्धातले पोलादी पत्रे वापरले, हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी जमिनीवर अंथरायचे ते. पत्र्यांच्या कंगोऱ्या आडव्या होत्या, त्यामुळे चढायला आयत्या पायऱ्या झाल्या! सरकारी काम कुठंही गेलं तरी सरकारीच. १९९३ मध्ये एल पासो शहरात जवानांची रांगच उभी केली, आणि १९९४ मध्ये सॅन डिएगोत ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू झालं.

भिंतीनं काहीच होत नाही असं म्हणणारे एका टोकाला जातात, आम्ही त्यांच्यातले नाही. जिथं भिंत आणि पहारा दोन्ही आले तिथं फरक पडला. सॅन डिएगो विभागात १९९२ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक वेळा माणसं पकडली गेली होती. दहा वर्षांनी तो आकडा एक लाखाच्या आसपास आला. शहरातले लोक खूश झाले, आणि त्यात चूक काही नाही. रात्री परसातून अनोळखी माणसं पळतात हे कुणालाही नकोच असतं. इस्रायलनं इजिप्तच्या सीमेवर २०१३ मध्ये कुंपण पूर्ण केलं, तिथंही येणाऱ्यांचा आकडा हजारोंवरून काही डझनांवर आला. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मग ॲरिझोनाचा आकडा बघा. टूसॉन विभागात १९९२ मध्ये पकडलेले होते ७० हजारांच्या आसपास. २००० साली ते ६ लाखांवर गेले. आणि पूर्ण दक्षिण सीमेचा आकडा? तो कमी व्हायचा सोडून १६ लाखांच्या पुढे गेला. ओढ्याला बांध घातला, पाणी शेजारच्या वावरात शिरलं.

शेजारचं वावर म्हणजे सोनोराचं वाळवंट. आखणाऱ्यांचा हिशेब असा होता की शहरातली वाट बंद केली तर वाळवंटातून यायची हिंमत कुणी करणार नाही. माणसांनी हिंमत केली. उन्हाळ्यात तिथं पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पाणी मैलोनमैल नाही. सीमा-गस्त दलाच्या स्वतःच्याच नोंदींप्रमाणे १९९८ नंतरच्या दोन दशकांत सात हजारांहून अधिक मृतदेह सापडले. हे सापडलेले, न सापडलेल्यांची नोंद कोण ठेवणार? इथं आम्हाला तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आठवतो. परिणाम अपेक्षित होता पण हेतू नव्हता, असं म्हटल्यानं जबाबदारी सुटते का? आमच्या मते पहिल्या वर्षी कदाचित सुटेल. विसाव्या वर्षी नाही सुटत.

आणखी एक गोष्ट घडली, ती कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या गावागावांत जाऊन वर्षानुवर्षं घरटी मुलाखती घेतल्या. त्यातून दिसलं ते असं: पूर्वी माणूस जायचा, हंगाम करायचा, परतायचा. भिंत आली, वाट दाखवणाऱ्या दलालाचा भाव कित्येक पटींनी वाढला. कोल्ह्यासारखा एक प्राणी आहे तिकडे, त्याच्या नावावरून या दलालांना ‘कोयोते’ म्हणतात. एवढे पैसे भरून, जीव धोक्यात घालून एकदा पोचलेला माणूस परत कशाला जाईल? तो तिथंच राहिला. मग बायकोला बोलावलं, पोरं आणली. येणारे फारसे घटले नाहीत, पण परतणारे घटले. १९९० मध्ये कागदपत्रांशिवाय राहणारे होते सुमारे ३५ लाख, २००७ मध्ये झाले सुमारे १ कोटी २२ लाख. याच काळात गस्तीचे जवान चार हजारांवरून पंधरा हजारांच्या घरात गेले होते! बाहेरच्यांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणानं आत आलेल्यांना कोंडून ठेवलं.

२००६ मध्ये ७०० मैल कुंपणाचा कायदा झाला. मग २००८ ची मंदी आली, बांधकामं थांबली, आणि मेक्सिकोकडून येणारे आटले. पुढची काही वर्षं तर येणाऱ्यांपेक्षा परतणारे जास्त होते. श्रेय भिंतीनं घेतलं. पण आत डोकावून बघा. १९६०-७० च्या दशकात मेक्सिकोत बाईला सरासरी सहा-सात मुलं होत, ती संख्या दोनाच्या आसपास आली होती. गावात जायला तरणी पोरंच कमी उरली होती.

२०१४ नंतर येणारी माणसंच बदलली. होन्डुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर इथली कुटुंबं, एकेकटी पोरं. ही माणसं लपत नव्हती. सीमा ओलांडून ती जवानाला शोधत जायची आणि म्हणायची, आम्हाला आश्रय द्या. १९८० च्या निर्वासित कायद्याप्रमाणे अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवला की असा अर्ज करता येतो. आणि भिंत तर रेषेच्या अलीकडे, अमेरिकेच्याच जमिनीवर असते. टेक्सासमध्ये सीमा म्हणजे रिओ ग्रान्दे नदी. नदीच्या मधोमध भिंत बांधणार कशी? ती काठापासून मागं सरकते. म्हणजे भिंतीपर्यंत पोचलेला माणूस अमेरिकेत पोचलेलाच असतो.

डिसेंबर २०२३ मध्ये एका महिन्यात या सीमेवर जवळपास अडीच लाख माणसं पकडली गेली. २०२५ च्या वसंतात हाच महिन्याचा आकडा दहा हजारांच्या खाली आला. मधल्या दीड वर्षात भिंत जवळपास होती तेवढीच होती. बदललं काय? मेक्सिकोनं आपल्या बाजूला लोकांना अडवायला सुरुवात केली, आणि वॉशिंग्टननं आश्रयाचं दार आधी किलकिलं केलं, मग लावूनच घेतलं. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, आणि आम्हाला ते अयोग्य वाटतं. छळातून पळालेल्या माणसाचं ऐकून तरी घ्यायला हवं. पण कारण कुठलं आणि भिंत कुठं, हे तर साफ दिसतं.

यात आपली माणसंही आहेत बरं का. ‘डंकी’ हा शब्द आता सगळ्यांना सिनेमामुळे माहीत आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या आर्थिक वर्षात उत्तर आणि दक्षिण दोन्ही सीमांवर मिळून ९६ हजारांहून अधिक भारतीयांची नोंद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानानं १०४ जणांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधलं चौघांचं कुटुंब कॅनडाच्या बाजूला बर्फात गोठून गेलं, सीमेपासून काही मीटरवर. तिथं भिंत नव्हती. आणि बऱ्याच अंदाजांप्रमाणे अमेरिकेतल्या बेकायदा रहिवाशांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोक विमानानं, व्हिसा घेऊन, रीतसर शिक्का मारून आलेले असतात. मुदत संपली तरी राहतात, इतकंच. त्यांच्यासाठी किती उंच भिंत बांधायची?

सभागृहातून कुणीतरी ‘मग उपाय काय?’ असं विचारलं. सांगतो. पण आधी आपल्याच देशातली एक भिंत बघू, ती शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही.

इंग्रजांच्या काळात मिठावरचा कर सगळीकडे सारखा नव्हता. मुंबई इलाख्यात कमी, बंगालकडे जास्त. साहजिकच मिठाची चोरटी वाहतूक व्हायची. ती रोखायला सिंधू नदीपासून दिल्ली, आग्रा, झाशीवरून आपल्या बुऱ्हाणपूरपर्यंत आणि पुढे पूर्वेकडे दोन हजारांहून अधिक मैलांची जकात-रेषा आखली. तिच्यावर मोठमोठ्या टप्प्यांत बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचं जिवंत कुंपण वाढवलं, ठिकठिकाणी दोन पुरुष उंचीचं. पहाऱ्याला बारा हजारांवर माणसं. हे कुंपण जोपासणारा साहेब कोण, तर ए. ओ. ह्यूम. हो, तेच, पुढे काँग्रेस स्थापन करणारे! एवढं करूनही चोरटं मीठ येतच राहिलं, पहारेकरी लाच खातच राहिले. शेवटी राजपुतान्यातलं सांभर सरोवर सरकारनं भाडेपट्ट्यानं घेतलं, निरनिराळ्या प्रांतांतले कर जवळ आणले, आणि १८७९ मध्ये रेषा सोडून दिली. दरातली दरी बुजली आणि कुंपणाचं कामच संपलं.

आता यावर कुणी म्हणेल, मिठाचा कर एका सहीनं सारखा करता येतो, दोन देशांतली मजुरी करता येत नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच आम्ही झटपट उपाय सांगत नाही. पण एवढं म्हणू: ज्या मजुराची गरज आहे त्याला हंगामापुरता ये-जा करायचा कागद द्या, चोरून कामावर ठेवणाऱ्या मालकाला खरा दंड करा, आश्रयाच्या अर्जाचा निकाल वर्षानुवर्षं नव्हे तर काही महिन्यांत लावा. मग जिथं शहर आहे, तस्करी आहे, तिथं खुशाल भिंत ठेवा. आमचं भांडण भिंतीशी नाही, भिंतीला उत्तर समजण्याशी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सॅन डिएगोला भाच्याकडे गेलो होतो. त्यानं समुद्रकाठी ती जागा दाखवली. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या पत्नी पॅट तिथं बाग जाहीर करायला आल्या होत्या, तेव्हा मध्ये नुसती काटेरी तार होती. ती कापायला सांगून त्या पलीकडच्या लोकांना भेटल्या. आम्ही गेलो तेव्हा पोलादी खांब वाळूतून थेट समुद्रात गेलेले होते. पलीकडे तिहुआनाचा किनारा, पोरं पोहत होती. भाचा म्हणाला, मामा, ओहोटीला खांब संपतात तिथपर्यंत चालत जाता येतं. आम्ही विचारलं, पुढं? तो म्हणाला, पुढं पाणी.

आपल्या बांगलादेश सीमेबद्दल बऱ्याच चिठ्ठ्या आल्यात. ४,०९६ किलोमीटरची ती सीमा, कुंपणापलीकडे अडकलेली शेतं, आसाम करार, २०१५ ची गावांची अदलाबदल. ते आज उरकता येणार नाही. पुढच्या व्याख्यानात तेच घेऊ.