दिवाणखान्यातला समुद्र : काचेत प्रवाळ जगवण्याचा इतिहास 🧵

१/ नाशिकजवळचे, गोदावरीकाठचे एकलहरे महाराष्ट्राला ठाऊक आहे ते औष्णिक विद्युत केंद्रामुळे. अरबी समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, घाटाखाली राहिला. येथून वाहणारे गोदावरीचे पाणीही हजार किलोमीटरांहून अधिक पूर्वेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. अशा गावातल्या एखाद्या घरात प्रवाळांची भव्य टाकी उभारायची झाली, तर काय लागेल? आणि त्याची किंमत कोण मोजेल?

२/ प्रथम हिशेब. १० फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाकीत सुमारे ३,४०० लिटर पाणी मावते. केवळ त्या पाण्याचे वजन जवळपास साडेतीन टन. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एकदा टाकी भरायला साधारण १२० किलो मीठ. पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरते. म्हणून रोज गोडे पाणी घालून खारटपणा राखावा लागतो.

३/ एवढा खटाटोप का? प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे; तो प्राणी आहे. उष्ण समुद्रातील खडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या बळावर त्यांना अन्न पुरवते. प्रकाश मंदावला, पाणी तापले किंवा साचून राहिले की ही भागीदारी मोडते. म्हणून दिवे, पंप आणि पाणी थंड ठेवणारे यंत्र यांना सुट्टी नसते.

४/ सागरी जीव काचेच्या टाकीत ठेवून त्यांचा शास्त्रीय अभ्यास करण्याचा मान सामान्यतः जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच स्त्रीला दिला जातो. १८३२ च्या सुमारास सिसिलीतील मेसिना येथे तिने अशा टाक्या तयार केल्या. आर्गोनॉट हा अष्टपादांच्या कुळातील प्राणी आपला शंख स्वतःच घडवतो, हे तिने त्यांच्या आधारे सिद्ध केले. मात्र तिच्या दाराशीच समुद्र होता.

५/ समुद्रापासून दूर प्रवाळ जगवले ते लंडनच्या ॲना थिन यांनी. १८४६ साली टॉर्की येथील किनाऱ्यावर त्यांना जिवंत प्रवाळ सापडले. सुईदोऱ्याने ते स्पंजावर टाचून, पाण्याच्या भांड्यात घालून त्यांनी लंडनला नेले. पुढे पाण्यात सागरी वनस्पतीही सोडल्या आणि हा छोटा संसार सुमारे तीन वर्षे टिकला.

६/ पाण्यात हवा मिसळण्यासाठी तेव्हा पंप नव्हता. घरातील दासी रोज उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत असे. मत्स्यालयांच्या इतिहासात ॲना थिन यांचे नाव आहे; त्या दासीचे नाव सहसा आढळत नाही. पहिल्या घरगुती प्रवाळ-टाकीचा पंप म्हणजे तिचे दोन हात होते.

७/ १८४५ साली ब्रिटनने काचेवरील कर रद्द केला आणि काच स्वस्त झाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड यांपासून समुद्राचे पाणी बनवण्याची कृतीही गॉस यांनी प्रसिद्ध केली. समुद्र आता पाकृतीत मावू लागला.

८/ मग वेड पसरले. हौशी लोक छिन्नी-हातोडा घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यांवर उतरले आणि खडकांतील डबकी रिकामी होऊ लागली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ मधील आपल्या आत्मचरित्रात या विध्वंसाची खंत नोंदवली आहे. समुद्रावर प्रेम करायला शिकवणाऱ्या पुस्तकांनीच किनारे लुटायची वाट दाखवली होती.

९/ महाराष्ट्रात सागरी जीव सर्वसामान्यांच्या नजरेला आले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. मरीन ड्राइव्हवरील ही वास्तू सुमारे ८ लाख रुपये खर्चून उभी राहिली. त्यांपैकी २ लाखांची देणगी तारापोरवाला या पारशी दात्याची होती. २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जागेची निवडही अर्थपूर्ण होती : समुद्र समोरच होता.

१०/ घरगुती टाकीला पुढचे वळण मिळाले जकार्तात. ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली : समुद्रातून आणलेले ‘जिवंत खडक’, हवेचे बुडबुडे आणि भरपूर प्रकाश. या सच्छिद्र खडकांत वसलेले जिवाणू माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. खडकाच्या आत, प्राणवायू नसलेल्या भागात, दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. टाकी खरी चालवतात ते हे डोळ्यांना न दिसणारे जीव.

११/ कृत्रिम समुद्री मीठही त्याच दशकात तयार मिळू लागले. किनाऱ्याची अट संपली. एकलहऱ्यासारख्या ठिकाणीही समुद्राचे पाणी कालवता येऊ लागले. पण खडक आणि प्रवाळ यायचे ते खऱ्या समुद्रातूनच. काचेत एक बेट सजवताना पाण्याखालचे दुसरे बेट उघडे पडत होते.

१२/ भारतात याला कायद्याने बांध घातला. २००१ साली खडक बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आली. वाघाचे नाव ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. परवानगीवाचून ती काढणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. परदेशी चित्रफितींत दिसणारी प्रवाळांची टाकी येथे केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही, तो यामुळे.

१३/ हे संरक्षण केवळ कागदावरचे नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या आड वरळी-हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती आल्या, तेव्हा वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन २०२० मध्ये त्या अन्यत्र हलवाव्या लागल्या. कोट्यवधींच्या रस्त्याला मूठभर जीवांसाठी थांबून विचार करावा लागला.

१४/ आता पुन्हा एकलहरे. १९७०च्या दशकाच्या आरंभापासून येथे कोळसा जाळून वीज तयार होते. लंडनमधील दासीचे काम आज पंप करतो आणि पंपाला वीज लागते. कोळशाच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो आणि तापलेल्या समुद्रात प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ साली अनुभवले. काचेतले प्रवाळ थंड राखणारी वीज आणि खऱ्या समुद्रातील प्रवाळांना भाजणारी उष्णता, दोन्हींचे मूळ एकाच भट्टीत असू शकते.

१५/ या पावणेदोनशे वर्षांत टाकी सतत सुधारत गेली, किंमत मात्र प्रत्येक वेळी टाकीबाहेर चुकवली गेली : कधी दासीच्या हातांनी, कधी इंग्लंडच्या डबक्यांनी, कधी दूरच्या प्रवाळबेटांनी. मालवणात सिंधुदुर्गाच्या आसपास, १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात, प्रवाळ आजही जगतात. त्यांना मीठ मोजून घालावे लागत नाही आणि पंपही लागत नाही. मागणी एवढीच की समुद्र थंड राहावा आणि त्यांना कुणी घरी नेऊ नये.

(समाप्त)