बमरोलीचे यंत्रमाग आणि कर्णनाद
सुरतेच्या दक्षिणेकडील उधना, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात यंत्रमागाचा धंदा फोफावला, तेव्हा त्याला मनुष्यबळ पुरवणाऱ्या प्रदेशांत खानदेशही होता, कारण १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या ताप्ती खोरे रेल्वेने उधना-जळगाव वाट आधीच मोकळी केली होती. धोटा दर फेरीला आदळणाऱ्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो आणि वर्षानुवर्षांच्या आघाताने अंतर्कर्णातील केशपेशी, म्हणजे ध्वनीचे मज्जासंदेशांत रूपांतर करणाऱ्या पेशी, कायमच्या नष्ट होतात. मेंदूकडे येणारे संदेश घटले की श्रवणकेंद्र आपली संवेदनक्षमता वाढवते, आणि त्यातूनच बाहेर आवाज नसताना ऐकू येणारा कर्णनाद उद्भवतो, असे मानले जाते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपणाला स्थान मिळाले. कर्णनाद मात्र, तितकाच छळणारा असूनही, स्वतंत्रपणे नोंदला गेला नाही, हा अन्यायच होय. १९९० च्या सुमारास यास्त्रेबॉफ आणि हेझेल यांनी मांडलेल्या ध्वनिउपचारात मंद, अखंड ध्वनी ऐकवून नाद आणि शांतता यांतील विरोध कमी केला जातो, जेणेकरून समुपदेशनाच्या साहाय्याने मेंदू नादाला निरर्थक मानू लागेल. मृत पेशी मात्र त्याने परत येत नाहीत.