गुलमर्गचे हिमवृत्त वाचताना

काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून गोंडोला दोन टप्प्यांत अफरवट पर्वतावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचते. त्यामुळे पायथ्याशी मोजलेल्या बर्फावरून माथ्याचा अंदाज बांधता येत नाही. २०२५ मध्ये तर बर्फाअभावी येथील ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

दैनंदिन हिमवृत्तात नवख्या स्कीपटूची नजर प्रथम ताज्या बर्फाच्या आकड्यावर जाते. खरे पाहायला हवेत ते वारा आणि हिमस्खलनाचा इशारा. वारा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर साठवतो. खालचा थर कच्चा असेल तर एका माणसाच्या भारानेही तो साठा निसटतो. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. त्यांतील तिसरी ‘मध्यम’ असावी, हा समज घातक आहे. तिसऱ्या पातळीला धोका लक्षणीय असतो आणि युरोपात कित्येक जीवघेणे अपघात याच पातळीवर घडले आहेत.

गोंडोला सुरू आहे म्हणजे सारा डोंगर निर्धोक, असेही नाही. गस्ती पथकाची देखरेख ठरावीक पट्ट्यापुरतीच असते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गच्या वरच्या उतारांवर झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला.